धर्म सुटल्यावर साधनेचे काय? समलिंगी व्यक्तींचे अनुभव हवे आहेत

कृष्णाकाठ

नमस्कार. मी चाळिशीकडे झुकलेला समलिंगी पुरुष आहे. मूळ घर वाई तालुक्यातले. आता बरीच वर्षे पुण्यात जोडीदारासोबत राहतो. घरात वारीची परंपरा आहे, वडील माळकरी आहेत, आणि संध्याकाळचा हरिपाठ चुकला असे माझ्या लहानपणी कधी झाल्याचे आठवत नाही. मला कोणी वाळीत टाकलेले नाही, हे आधीच सांगतो, कारण असा विषय निघाला की लगेच तसे गृहीत धरले जाते. आजही मी दिंडीत जाऊन उभा राहिलो तर समोरचा माणूस माझ्या पाया पडून मला ‘माउली’च म्हणेल. मात्र ते माउलीपण मी गप्प राहीन तोवरच टिकणारे आहे, हे मला आमच्या गावच्या सप्ताहात कळले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून आम्हाला सोडवले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका कीर्तनकारांनी निरूपणाच्या ओघात त्या निकालाचा उल्लेख करून आमच्यासारख्यांना कलियुगाची विकृती म्हटले, आणि मंडपातले लोक हसले. वडीलही हसले. त्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक आहे की नाही, हे मी आजवर विचारलेले नाही.

पुढे विचार करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे संसारी माणसाचा धर्म बहुतांशी जोडीने चालतो. सत्यनारायण असो की वास्तुशांत, पाटावर बसायचे ते नवराबायकोने, उपरण्याला पदराची गाठ मारून. मग बारसे, जावळ, मुलीचे कन्यादान, अशी एकेक पायरी येत जाते आणि प्रत्येक पायरीवर माणसाला घरात नवे स्थान मिळते. माझ्यासारख्याला त्यात नारळ आणि विड्याची पाने आणून देण्यापलीकडे जागा नसते. माझा जोडीदार तर ‘पुण्याचा मित्र’ म्हणून पंगतीत वाढायला उभा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा कायदेशीर रस्ताही तूर्त बंदच राहिला आहे.

कृपया अर्धनारीनटेश्वर, मोहिनी आणि शिखंडी यांचे दाखले देऊ नयेत. ते मला ठाऊक आहेत आणि त्यांच्याविषयी आदरही आहे. परंतु पुराणात आमची नोंद सापडली म्हणून माझी संध्याकाळ भरून निघत नाही. देव नाहीच, तेव्हा हा विचार सोडून द्या, असेही कोणी सुचवू नये. देव न मानण्याचा निर्णय मी पूर्ण विचारांती घेतलेला आहे. मला चुकल्यासारखे वाटते ते नेमाचे: ठरलेल्या वेळी बसणे, चार माणसांचा सूर एकात मिसळणे, दुःख आणि कृतज्ञता कुठेतरी नेऊन ठेवता येणे. धर्माबाहेर राहून ज्यांनी असे काही उभे केले आहे, त्यांनी प्रत्यक्षात काय केले ते लिहावे. वडील आता थकले आहेत. पुढे काय येणार ते दिसते आहे, आणि तेव्हा मी कशाला धरून उभा राहीन हा प्रश्न मला छळतो.

पाऊलवाट

तुमचा प्रश्न नीट मांडला गेला आहे, म्हणून उत्तरही माझ्या अनुभवापुरतेच देतो. मीही समलिंगी आहे, नाशिकला असतो आणि विपश्यना करतो. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतले इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे. शिबिर दहा दिवसांचे असते, शुल्क घेतले जात नाही, आणि दान द्यायचे तर ते शिबिर पूर्ण केल्यानंतरच स्वीकारले जाते. पहाटे चार वाजता घंटा होते. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे पाहण्याखेरीज दुसरे काम नसते. चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत पाहत जायच्या असतात. तेथे असेपर्यंत जप, माळ, मंत्र, उपासतापास, सगळे बाजूला ठेवायला सांगतात. धर्मातून बाहेर पडलेल्या माणसाला ही अट आश्वासक वाटते, निदान मला वाटली.

मला त्यातून काय मिळाले, ते सांगतो. शाळेपासून माझ्या छातीत एक भीती बसलेली होती: कोणाला कळेल, बोलण्यातून काही निसटेल, चालण्यावरून ओळखतील. मी तिला माझा स्वभाव समजत होतो. हलायचे नाही असे ठरवून तासभर बसल्यावर ती भीती प्रत्यक्षात काय आहे ते दिसले. बरगड्यांच्या मधोमध एक ताण, थोडी ऊब, मग मुंग्या, मग काहीच नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा ताण. तिला नाव न देता पाहता आले, तेव्हा तिची माझ्यावरची हुकमत कमी झाली. त्या दहा दिवसांत मी समलिंगी आहे की नाही याची कोणी विचारपूस केली नाही. मौनामुळे खोटे बोलण्याची वेळही आली नाही. लग्न कधी करणार, हा प्रश्न ज्यात एकदाही कानावर पडला नाही असा इतका मोठा काळ माझ्या वाट्याला पूर्वी आला नव्हता.

आता ज्या गोष्टी खटकतात त्याही सांगायला हव्यात. संध्याकाळच्या ध्वनिमुद्रित प्रवचनांत पूर्वजन्मीच्या संस्कारांचा उल्लेख येतो. तो मला पटत नाही आणि मी तो बाजूला ठेवतो. स्त्रिया आणि पुरुष यांची व्यवस्था वेगवेगळी असते, त्यामुळे आपल्या पारलिंगी मित्रमैत्रिणींनी अर्ज भरण्यापूर्वी केंद्राशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. नैराश्याची औषधे चालू असतील किंवा मागे मोठा आघात झालेला असेल, तर अर्जात ते लपवू नये. दहा दिवसांचे मौन हा मानसिक आजारावरचा उपचार नाही, आणि बंद पडलेल्या जखमा तेथे अचानक उघडू शकतात.

आणखी एक इशारा देतो, कारण आपल्यातल्या कित्येकांच्या बाबतीत हे घडताना मी पाहिले आहे. लग्नाचा लकडा चुकवायला अध्यात्म फार सोयीचे पडते. ‘याला पहिल्यापासून विरक्तीच आहे’ असे घरचे अभिमानाने सांगू लागतात, मुलगा पांढरे कपडे घालू लागतो, आणि ज्या गोष्टीला सामोरे जायला हवे ती ब्रह्मचर्याच्या नावाखाली झाकली जाते. भारतातल्या समलिंगी चळवळीचे एक आद्य कार्यकर्ते अशोक राव कवी हे तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासमार्गावर होते, आणि तेथल्याच एका ज्येष्ठ स्वामींच्या प्रोत्साहनाने बाहेर पडून त्यांनी आपले आयुष्य उघडपणे जगायला घेतले. त्या स्वामींविषयी मला अतिशय आदर वाटतो. जी साधना माणसाला स्वतःपासून लपायला मदत करते, ती कितीही शांत वाटली तरी संशयानेच पाहावी.

पुण्यात स्वारगेटजवळ दादावाडीला आणि आळंदीजवळ मरकळला केंद्रे आहेत. एक शिबिर केल्यानंतर सामूहिक साधनेला जाता येते. घरी एकट्याने बसण्याचा नेम माझ्याकडून टिकेना. चार लोकांत बसू लागलो तेव्हा टिकला.

सातपुडा

मी समलिंगी नाही. एका समलिंगी मुलाचा बाप आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. ‘आम्ही धर्म शिकवत नाही, फक्त ऊर्जा शिकवतो’ असे सांगणारे लोक धर्मगुरूंपेक्षा कमी धोकादायक असतात, असे कृपया समजू नका. समलिंगी मुलांना ‘बरे’ करून देणारे बाबा, ध्यानशिबिरे आणि समुपदेशक यांचा धंदा अशाच भाषेत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा तथाकथित उपचारांवर बंदीचे निर्देश दिले, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणी मारहाण केली, साखळीने बांधले, तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलिसांत तक्रार करता येते. कोवळ्या वयाची मुलेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एवढे लिहून ठेवतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. जोडीने पाटावर बसण्याविषयी तुम्ही जे लिहिले, ते वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो. धर्म सोडल्यावर विधीही सोडावे लागतात, अशी समजूत आपल्याकडे का रुजली, याचे मला आश्चर्य वाटते. कारण महाराष्ट्रात याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, संस्कृत मंत्र नाहीत. फुल्यांनी मंगलाष्टके मराठीत रचली, आणि त्यांत वधूच्या तोंडी स्त्रियांच्या स्वातंत्र्याची मागणी घातली व वराच्या तोंडी ते देण्याचे वचन. सृष्टीच्या कर्त्याला ते निर्मिक म्हणत, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला मध्यस्थ लागतो हे त्यांना मान्य नव्हते. माणसाच्या आयुष्यातला मोठा क्षण चार लोकांच्या साक्षीने, समजेल अशा भाषेत, वचन देऊन साजरा करावा, एवढी विधीची गरज त्यांनी ओळखली आणि बाकीचे काढून टाकले.

माझ्या मुलाने आणि त्याच्या जोडीदाराने गेल्या वर्षी आमच्या घरी अशाच पद्धतीने वचने घेतली. दोघांनी आपापली वचने स्वतः लिहिली होती. मुलाचे एक वचन असे होते, की तुझ्या आईच्या आजारपणात मी ‘मित्र’ म्हणून दवाखान्याच्या बाहेर थांबणार नाही. ते ऐकताना माझ्या पत्नीचा हात माझ्या हातात होता, आणि तो किती घट्ट झाला ते मला अजून जाणवते. माझ्या आईने, म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या बाईने, अक्षता कोणावर टाकायच्या एवढेच विचारले. दोघांवर, असे सांगितल्यावर तिने टाकल्या. कायद्याच्या दृष्टीने याला किंमत शून्य आहे, हे मला पूर्ण ठाऊक आहे. म्हणून त्याच आठवड्यात दोघांची मृत्युपत्रे करून घेतली आणि बँकेत नामनिर्देशन केले. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडायला व एकमेकांना नामनिर्देशित करायला काही आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असे पत्रही त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवले आहे. कोणी म्हणेल, साधनेच्या चर्चेत बँक कुठून आली? ज्याच्या मरणाला आपण उभे राहणार, त्याच्याजवळ उभे राहता येईल याची तजवीज करणे हा मला त्याच गोष्टीचा भाग वाटतो.

वडिलांविषयी एक सुचवतो. त्यांचे अंत्यविधी त्यांच्या श्रद्धेप्रमाणे होऊ द्या, टाळमृदंगासह. तो निरोप त्यांचा आहे. तुमच्या दुःखासाठी वेगळी जागा करा, पण त्यांचा निरोप तुमच्या विचारांची परीक्षा होऊ देऊ नका. आणि मंडपात शेजारचे हसले म्हणून हसणाऱ्या माणसाला आपण नेमके कशाला हसलो हे पुष्कळदा ठाऊकही नसते. ते हयात आहेत, तोवर विचारता येईल.

खर्ज

मी गाते आणि गाणे शिकवते. मिरजेच्या बाजूची आहे. माझी जोडीदारीण आणि मी एकाच घरात राहतो, शेजारपाजारी आम्हाला बहिणी समजतात. मी अध्यात्म हा शब्द सहसा वापरत नाही, परंतु ‘ठरलेल्या वेळी बसणे’ असे तुम्ही लिहिलेत म्हणून लिहावेसे वाटले.

माझी सकाळ तंबोरा लावण्यापासून सुरू होते. पंचमाची, म्हणजे ‘प’ची तार, मग ‘सा’च्या जोडीच्या दोन, मग खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा ‘सा’. खुंटी पिळून सूर साधारण जागेवर आला की घोडीखालचा मणी सरकवून तो नेमका करायचा, आणि मग घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा पुढेमागे करत राहायचे. दोरा केसभर सरकला तरी नाद मिटतो किंवा खुलतो. हे काम घाईने होत नाही, आणि मन दुसरीकडे असेल तर मुळीच होत नाही. चारी तारा खरोखर जुळल्या की खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येऊ लागतो. तो कोणी छेडलेला नसतो, त्याची वेगळी तार नसते. तो त्या नादातच असतो आणि मेळ जमल्याशिवाय कानाला सापडत नाही. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. ध्वनिशास्त्राने त्याचे सरळ स्पष्टीकरण देता येते, आणि ते स्पष्टीकरण ठाऊक असूनही तो रोज ऐकू आला की माझे मन भरून येते. मला यापेक्षा अधिक काही लागत नाही.

तंबोऱ्याच्या साथीने पहाटे मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात एकेक सूर धरून बसते. श्वास पुरेल तितका वेळ फक्त षड्ज, म्हणजे ‘सा’. त्या वेळी मी कोणाची मुलगी, कोणाची कोण, हे सगळे गळून पडते असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मी तेव्हाही एका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्रीच असते. फरक इतकाच, की त्या वेळी त्याचा खुलासा कोणाला द्यावा लागत नाही.

हरिपाठाबद्दल मात्र मी तुमच्याहून वेगळे मत मांडते. तुम्ही तो सोडला आहे असे दिसते. का सोडावा? आमच्या बंदिशींत कृष्ण असतो, सासूनणंदा असतात, पियाची वाट पाहणारी नायिका असते. यातल्या कशावर माझी धार्मिक श्रद्धा नाही, आणि तो पिया माझ्या लेखी पुरुष नाही. तरीही मी त्या गाते, जीव ओतून गाते, कारण त्यांतली व्याकुळता माझी आहे. ज्या चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांचे अभंग आज त्याच देवळात म्हटले जातात. शब्दांवर मालकी सांगणाऱ्यांच्या हातात शब्द कायमचे राहत नाहीत. हरिपाठ तुमच्या कानात लहानपणापासून मुरलेला आहे. तो कीर्तनकारांचा होता, म्हणून सोडून देण्याइतकी किंमत मी तरी त्यांना देणार नाही.

पश्चिमकिनारा

थोडक्यात लिहितो. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. येथल्या कॅस्ट्रो भागात, म्हणजे समलिंगी लोकांच्या जुन्या वस्तीत, हार्टफर्ड स्ट्रीटवर एक लहानसे झेन केंद्र आहे. इस्सान डॉर्सी नावाचे समलिंगी झेन भिक्षू ते चालवत. पूर्वायुष्यात ते स्त्रीवेष करून रंगमंचावर काम करत असत. एड्सच्या साथीत घरच्यांनी टाकलेले तरुण वस्तीत मरत होते, तेव्हा त्यांनी केंद्रातच त्यांची शुश्रूषा सुरू केली. १९८७ मध्ये त्यातून ‘मैत्री’ नावाचे शुश्रूषागृह उभे राहिले. डॉर्सी स्वतः १९९० मध्ये एड्सने गेले. तुम्ही म्हणाल, हा तर बौद्ध धर्मच झाला. असेल. परंतु मला तेथून एक गोष्ट मिळाली: आपल्यासारख्याच माणसांसोबत बसण्यात फरक पडतो. नाशिककर मित्रांनी लिहिले तसे विपश्यना केंद्रात कोणी काही विचारत नाही, हे चांगलेच आहे. पण विचारले तर सांगता येईल अशी जागा असणे ही त्यापुढची पायरी आहे. पुण्यात अशी जागा नसेल तर ती घरच्या दिवाणखान्यात सुरू होऊ शकते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खर्जताई, तुम्ही विचारलेल्या ‘का सोडावा’ याचे उत्तर मला देता आले नाही. काल संध्याकाळी मी पुष्कळ वर्षांनी हरिपाठ म्हटला. अर्धा झाल्यावर जोडीदार येऊन बसला. त्याला शब्द येत नाहीत, तो ख्रिस्ती घरातला वसईकर आहे, पण त्याने ठेका धरला. देव मानू लागलो असे अजिबात नाही. मरकळच्या शिबिरासाठी मी अर्ज करतो आहे. सातपुडाकाका, वचनांचा विचार आम्ही दोघे करतो आहोत. मृत्युपत्राची गोष्ट तर डोक्यातही नव्हती, ते आधी करू. वडिलांशी बोलण्याचे धैर्य अजून गोळा व्हायचे आहे.

पश्चिमकिनारा यांनी सुचवले त्याप्रमाणे रविवारी सकाळी आमच्या घरी अर्धा तास शांत बसायचे आणि मग हवे असल्यास काहीतरी म्हणायचे, असे ठरवले आहे. कोणाला यायचे असेल तर यावे. गुरू कोणी नसेल, वर्गणी नसेल, छायाचित्रे काढली जाणार नाहीत, आणि खरे नाव सांगण्याची सक्ती नसेल.

पाऊलवाट

पुण्याला आलो की नक्की येईन. एक व्यावहारिक सूचना: अर्ध्या तासाऐवजी सुरुवातीला वीस मिनिटे ठेवा, आणि बसल्यानंतर लगेच चर्चा सुरू करू नका, आधी चहा होऊ द्या. ध्यानात आलेले अनुभव सांगायची चढाओढ लागली की नवा माणूस दबकतो आणि पुढच्या वेळी येत नाही. शिबिराचा अर्ज मात्र आजच भरा. मरकळच्या जागा लवकर भरतात.

खर्ज

तंबोरा मी घेऊन येईन. ठेका धरणाऱ्यांना नमस्कार सांगावा.